बर्फ वितळतो की विरघळतो?

गोव्यातल्या फोंड्याहून विचारणा: आमच्या घरात सगळेच 'बर्फ विरघळला' म्हणतात. मुलाने विज्ञानाच्या वहीत तसेच लिहिले, तर बाईंनी लाल शाईने 'वितळला' केले. बोलताना दोन्ही चालतात, मग वहीत एकच का? शिवाय पुस्तकात एकदा 'उष्णता' आणि पुढच्याच पानावर 'उष्मा' आहे. हे दोन वेगळे की एकच?

साखळीहून: बाईंचे बरोबर आहे. वितळायला पदार्थ एकटा पुरतो, त्याला फक्त उष्णता द्यावी लागते. विरघळायला मात्र जोडीला दुसरा पदार्थ लागतो. साखर कढईत वितळते, चहात विरघळते. मिठाकडे पाहिले तर फरक आणखी उघड होतो. नुसते मीठ वितळवायचे तर सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान हवे, म्हणजे घरच्या चुलीचे ते काम नव्हे. तेच मीठ हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, घातले की दिसेनासे होते. आगरवाड्याच्या मिठागरात याच्या उलट घडते. पाणी उन्हाने उडून जाते आणि विरघळलेले मीठ मागे राहते. पुस्तक याला स्फटिकीभवन म्हणते, आपण 'मीठ पिकले' म्हणतो. मला आपला शब्द जास्त आवडतो, पण परीक्षेत तो लिहू नये.

म्हापशाहून: थोडे आडवे जातो. 'बर्फ विरघळला' याला चूक म्हणू नका. बोलणाऱ्याला घट्ट होते ते आता घट्ट राहिले नाही, एवढेच सांगायचे असते. आणि वितळण्याला आपल्याकडे आणखी एक फार नेमका शब्द आहे, पाघळणे. मेण पाघळते, लोणी पाघळते, हातातले आइस्क्रीम पाघळते. उलट दिशेलाही तसेच. पाणी गोठते, पण तूप आणि खोबरेल थिजते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा पडला की बाटलीतले खोबरेल पांढरे होते, कारण त्याचा द्रवणांक, म्हणजे वितळण्याचे तापमान, २४-२५ अंशांच्या आसपास आहे. पुस्तकाच्या लेखी गोठणे आणि थिजणे एकच. रक्त 'गोठते' ते मात्र या यादीत बसत नाही. ते थंडीने घट्ट होत नाही, त्यात प्रथिनांचे धागे तयार होतात, म्हणजे तो रासायनिक बदल आहे. तिथे 'साकळते' म्हणावे.

साखळीहून: साकळते, मान्य. आता उष्मा. शास्त्रात उष्णता आणि उष्मा यांत फरक नाही. जोडशब्द करायला 'उष्मा' सोयीचा, म्हणून उष्मादायी, उष्माग्राही, अप्रकट उष्मा. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी खदखदते, ती उष्मादायी अभिक्रिया. नवसागर पाण्यात विरघळवला की भांडे गार पडते, कारण ते विरघळणे उष्माग्राही आहे.

खरा घोळ उष्णता आणि तापमान यांत होतो, आणि तो 'अप्रकट उष्मा' कळल्याशिवाय सुटत नाही. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. शंभर अंशाच्या एक ग्रॅम पाण्याची शंभर अंशाचीच वाफ करायला ५४०. एवढी उष्णता आत जाते आणि तापमापीचा पारा जागचा हलत नाही, कारण ती रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १७६०च्या दशकात हे दाखवून दिले. जुन्या मराठी लेखनात 'सुप्त उष्णता' सापडेल. अर्थ तोच.

ही लपलेली उष्णता परत बाहेर येताना बघायची असेल तर एप्रिलमध्ये एखाद्या काजूच्या भाटीवर, म्हणजे दारूच्या भट्टीवर, जा. बोंडूंचा आंबवलेला रस भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, उकळतो, वाफ नळीतून लावणीत, म्हणजे ती झेलणाऱ्या मडक्यात, येते आणि लावणीवर सतत गार पाणी ओतावे लागते. ओतलेले पाणी तापून खाली पडते. वाफेचा द्रव होताना तिने घेतलेली सगळी उष्णता त्या पाण्याला दिलेली असते. पाणी ओतणारा थांबला तर वाफ वाफच राहील आणि उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, हवेत जाईल. या सगळ्या खटाटोपाचे पुस्तकी नाव ऊर्ध्वपातन.

म्हापशाहून: मग मे महिन्यात वर्तमानपत्रात 'उष्म्याने नागरिक हैराण' छापतात तो उष्मा कुठला? तेव्हा पणजीत पारा ३३-३४ वरच असतो.

साखळीहून: तो बोलीतला उष्मा, म्हणजे उकाडा. पण गंमत अशी की त्यातही अप्रकट उष्म्याचाच हात आहे. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपली हवा आधीच बाष्पाने भरलेली, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता वाहतो, आणि उष्णता अंगातच राहते. कोरड्या हवेच्या गावात चाळीस अंशही माणूस सावलीत सोसतो. बातमीदाराने 'तापमान' न लिहिता 'उष्मा' लिहिले ते बरोबरच.

फोंड्याहून: बाईंनी 'संघनन' खोडून 'सांद्रीभवन' केले आहे. तेही चुकीचे होते का?

साखळीहून: नाही. वाफेचे पाणी होणे या अर्थी दोन्ही शब्द छापील पुस्तकांत आहेत. इयत्तेचे पुस्तक जे म्हणते ते मुलाने लिहावे, आणि डांबरगोळी कपाटात झिजते तिथे 'बाष्पीभवन' न लिहिता 'संप्लवन', म्हणजे द्रव न होता घनाची थेट वाफ होणे, लिहावे.