‘थ्री-टू’ बिअरला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी_अ
आत्याने नातवंडांसाठी इंग्रजीत लिहून ठेवलेल्या आठवणी मी मराठीत आणते आहे. ती १९७४ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसला गेली. एके ठिकाणी लिहिलंय की काका, म्हणजे आत्याचे यजमान, दर शुक्रवारी वाणसामानाबरोबर किराणा दुकानातून ‘थ्री-टू’ आणायचे. दुसरी बिअर हवी तर दारूच्या वेगळ्या दुकानात जावं लागायचं. मी ‘सौम्य बिअर’ लिहिलं. आतेभाऊ तिथेच वाढलेला, त्याने फोनवर खोडून काढलं. म्हणे सौम्य ही चव झाली, थ्री-टू हा कायदा आहे. मग ‘३.२ टक्के मद्यार्काची बिअर’ केलं, तर तेही चूक! ते टक्के वजनाचे, आपण बाटलीवर वाचतो ते आकारमानाचे. मला तळटीप नको आहे. एखादा शब्द सुचतो का?

रसायनी
भाऊ बरोबर सांगतो आहे. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका, एक मिलिलिटर जेमतेम ०.७९ ग्रॅम भरतो. त्यामुळे वजनाने ३.२ म्हणजे आकारमानाने ४. आकडा १९३३ चा आहे. अमेरिकेतली दारूबंदी उठायला डिसेंबर उजाडला, पण मार्चमध्येच तिथल्या संसदेने ‘वजनाने ३.२ पर्यंतची बिअर नशा आणत नाही’ असं ठरवून एप्रिलपासून तिची विक्री खुली केली. पुढे बंदी गेली तरी काही राज्यांनी तो आकडा सोडला नाही. ओक्लाहोमाने २०१८ मध्ये सोडला, युटाने २०१९ मध्ये वजनाने ४ केला. मिनेसोटातल्या किराणा दुकानांत अजून तोच आहे.
धान्य आपण ‘मापाने की वजनाने’ असं विचारतोच. तेव्हा ‘३.२ वजनी टक्के’ का नको?

घाटावरचा
ताई, ‘सौम्य’ हाही आपल्याकडे कायद्याचाच शब्द आहे. ५ टक्क्यांपर्यंत सौम्य, त्यापुढे ८ पर्यंत तीव्र. आत्याची बिअर त्यात आरामात बसते. मात्र कराडच्या कुठल्याही बिअर शॉपीत ‘एक सौम्य द्या’ म्हणणारा मी पाहिला नाही. माइल्ड नाहीतर स्ट्राँग. तुम्ही सरळ ‘माइल्ड’ लिहा. आमचे मामा स्ट्राँगला ‘कडक’ म्हणायचे, आणि फारच कडक असली तर ‘पहिल्या धारेची’.

शुद्धमती
‘माइल्ड’ कशासाठी? सौम्य, मंद, हलकी इतके शब्द असताना? बिअरला ‘यवसुरा’ हा शब्दही आहे, सातूची म्हणून यव. वापरला नाही तर तो रुळणार कसा?

घाटावरचा
काकांच्या हातात यवसुरा देऊ नका हो. ती माणसं खोटी वाटायला लागतील.

डिचोलीकर
पहिल्या धारेची म्हणजे कडक? आमच्याकडे गोव्यात बरोबर उलटं. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की मिळतो तो हुर्राक, साधारण १५ टक्के. मार्च-एप्रिलमध्ये लिंबू-मीठ घालून पितात. तो पुन्हा ताज्या रसाबरोबर भट्टीवर चढवला की फेणी, ४२च्या आसपास. पहिली ती हलकी, दुसरी ती जड. एका साताऱ्याच्या पाहुण्याला मी हुर्राक ‘पहिल्या गाळपाचा’ म्हणून दिला, तर तो घाबरून अर्धाच पेला घेऊन बसला. तेव्हापासून हे मनात आहे.

रसायनी
तुम्ही दोघंही बरोबर आहात. ‘धार’ म्हणजे एकाच भट्टीतून पडणारी धार. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, म्हणून सुरुवातीची वाफ मद्यार्काने भरलेली आणि शेवटची पाणचट. मामांची पहिली धार ती. तुम्ही मोजता ती धार नव्हे, गाळपाची खेप.

बांद्याची_सून
गोव्याचा विषय निघालाच आहे तर एक खटकणारी गोष्ट. आमच्याकडे पेपरात सतत ‘गोवा बनावटीची दारू जप्त’. पुण्याच्या भाचीने त्याचं इंग्रजी ‘नकली गोवन दारू’ असं केलं! दारू अस्सलच असते. तिकडे कर कमी, इकडचा कर भरलेला नाही, म्हणून नाक्याच्या अलीकडे ती गुन्हा ठरते. पण ‘बनावट’ शब्द तिला नकली करून टाकतो.

शुद्धमती
‘भारतीय बनावटीचं विमान’ म्हटल्यावर कोणी नकली समजत नाही. ‘बनावटीची’ म्हणजे घडणीची, ‘बनावट दारू’ म्हणजे खोटी. प्रत्ययाने अर्थ पालटतो, आणि ही मराठीची ताकद आहे.

बांद्याची_सून
ताकद खरी, पण विषारी दारूने माणसं दगावतात त्या बातमीतही हाच शब्द असतो. तिथे वाचकाचा गोंधळ मला परवडणारा वाटत नाही. ‘गोव्यात तयार झालेली’ लिहायला काय हरकत आहे?

जुना_गिरगावकर
मुंबईच्या बंदीच्या काळातला ‘नवटाक’ कोणाला आठवतो? नवसागर घालून गाळायचे म्हणून नवटाक, असं वडील सांगत. आणि ‘परमिट रूम’! १९४९ च्या दारूबंदी कायद्यातलं ते परमिट पाटीवर अजून आहे. पणजीत तुम्हाला बार दिसेल, परमिट रूम दिसणार नाही.

रसायनी
नवटाकचा नवसागराशी संबंध नाही. नऊ टांक म्हणजे नवटाक, शेराचा आठवा भाग. आजी तूपही नवटाकच मागवायची. दारूला मापाचं नाव पडलं, जसं ‘क्वार्टर’.

जुना_गिरगावकर
माप मान्य. पण दारूलाच ते का चिकटलं? नवसागर घालत होते हे तर खरं ना?

मृण्मयी_अ
काल आत्याशी बोलले. म्हणाली, घरात मराठीत ते दोघं ‘किराण्यातली’ आणि ‘दुकानातली’ असंच म्हणत. पाहुणे आले तर दुकानातली. मी ‘किराण्यातली’ ठेवावं म्हणते.

शुद्धमती
घरचा शब्द गोड आहे, पण वाचकाला ३.२ चा कायदा त्यातून कळणार नाही. रसायनींचं ‘वजनी’ बरं.

डिचोलीकर
टक्के वजनी की मापी, आमच्या आजोबांना दोन्ही ठाऊक नव्हते. ते ‘ग्राव’ मोजत, पोर्तुगीजांकडून आलेला अंश. तो मोजायचा काटा नुसत्या पाण्यातच १० दाखवतो, म्हणून २० ग्रावाची फेणी म्हणजे २० टक्के नव्हे, पन्नाशीजवळची.

घाटावरचा
आणि तीनदा गाळली तर?

डिचोलीकर
पूर्वी गाळत. तेव्हा हुर्राक आणि फेणीच्या मधलीला काझुल म्हणायचे. आता तेवढा रस आणि सरपण कोण घालतो?