व्यसनमुक्ती केंद्र शोधताना काय काय झालं? लिहा इथे

मधुमालती
काल माळा काढला. पाहुण्यांसाठी जास्तीच्या गाद्या हव्या होत्या. गाद्यांखाली २०१३ची किराणाची वही निघाली. मधल्याच एका पानावर माझ्या अक्षरात अकरा फोन नंबर, त्यातले सात खोडलेले, आणि पुढे पेन्सिलीने शेरे. 'दर आधी सांगतो, नाव नंतर विचारतो.' 'डॉ. फक्त गुरुवारी.' 'तीन महिने भेटू देणार नाहीत.' नवव्या नंबरापुढे लिहिलंय, 'बाईंनी विचारलं, घरात लहान मुलं आहेत का, ती कुठे झोपतात.'

दादासाठी चालली होती ती शोधाशोध. वहिनी नोकरीवर जायची, आई फोनवर बोलता बोलता रडायची, म्हणून फोन करायचं काम माझ्याकडे. मी शेंगदाण्याचे भाव विचारावेत तसे विचारत होते. किती दिवस, किती पैसे, खोलीत किती जण, संडास आत की बाहेर. रात्री त्याला झटके आले तर तिथे कोण असेल, हे अकरांपैकी एकालाही विचारलं नाही. सुचलंच नाही!

शेवटी नवव्या ठिकाणीच नेलं. दादा आता बरा आहे. मधे दोनदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळला, तरी बरा आहे.

गेल्या आठवड्यात सोसायटीतल्या एका काकूंनी जिन्यात हळूच विचारलं, 'तुमच्याकडे कुणाचा नंबर आहे का गं?' पान निघालं म्हणून फोन लावून बघितले, तर निम्मे लागतच नाहीत. म्हणून हा धागा. कुठे शोधलंत, काय बघून ठरवलंत, कुठे फसलात. ज्यांनी त्रास दिला त्या केंद्रांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

पेठेतला_सदू
२०१३ची किराणाची वही जपून ठेवणाऱ्या बाईला साष्टांग नमस्कार. शेंगदाणे काय भावाने होते तेही सांगा.

मधुमालती
सदू, ते पान उंदराने खाल्लंय.

कोकणकडा
आमचे बाबा 'व्यसनी' नव्हतेच मुळी, कारण श्रावण पाळायचे. गटारीला रात्री एकपर्यंत, आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. सगळ्या वाडीत कौतुक. चौथ्या वर्षी मात्र बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी चहाची बशी हातात धरवेना. तिसऱ्या पहाटे अंगणात फिट आली. आम्ही कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शेवटची कधी घेतली? आई ठसक्यात म्हणाली, 'तीन दिवस थेंब नाही हो!' डॉक्टर म्हणाले, म्हणूनच.

रोज पिणाऱ्याची अचानक तुटली की पहिले तीन-चार दिवस जिवाला धोका असतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. फिट येते, भास होतात, माणूस जाऊही शकतो. ते दिवस औषधाखाली काढायचे असतात. मग आम्ही केंद्र शोधताना एकच धरून बसलो, रात्रपाळीला नर्स आहे का. दोन ठिकाणी उत्तर मिळालं, 'आमचे सीनियर पेशंट असतात ना रात्री.' तिथून उठलो.

नलूमावशी
@कोकणकडा अगदी. आमच्या ह्यांना भिंतीवर मुंग्या दिसायच्या. मी फडकं घेऊन पुसत बसायचे, मला वाटायचं असतील खरंच.
माळ्यावर झुरळांसाठी काय टाकता गं मधुमालती? कुकरला शिट्टी झाली, येते नंतर.

सातारकर_आबा
माळ घाला. आमच्या गावात पंधरा जणांची सुटली माळेने. पैसा नाही, डॉक्टर नाही.

भाऊचा_धक्का
आबा, सोळाव्याचं काय झालं?

सातारकर_आबा
तो माझा सख्खा भाऊ. माळ काढून खुंटीला लावायचा आणि मग बसायचा. आठ वर्षं झाली जाऊन.
ज्याला लागते त्याला लागते एवढंच. नाही लागली तर वेळ घालवू नका.

जुई_०७
आबा 🙏

भाग्यश्री_
मी नाव घेणार नाही, जिल्हाही सांगणार नाही. मामेभावाचं सांगते. मामीने नेटवर शोधलं, पहिल्या पानावर जे आलं तिथे फोन केला. समोरचा म्हणाला, 'तुम्ही काही करू नका, आम्ही गाडी पाठवतो.' पहाटे पाचला चार जण आले. भाऊ बनियनवर झोपलेला, तसाच उचलला. चप्पल दारातच राहिली. मामीने ती पेपरात गुंडाळून आठ दिवस पिशवीत ठेवली होती, भेटायला जाऊ तेव्हा देऊ म्हणून. भेट दीड महिन्याने मिळाली, तीही दहा मिनिटं आणि मधे त्यांचा माणूस बसलेला. भाऊ बोललाच नाही. मामी म्हणाली बघ किती शांत झालाय. मी त्याचे हात बघत होते.

पैसे महिन्याला १२ हजार ठरलेले. 'औषध वेगळं', 'कपडे धुणं वेगळं', 'गाडीभाडं वेगळं' करत २१ गेले. पावती एकाचीही नाही. सुटून आला त्या रात्री प्यायला, आणि आजही 'केंद्र' म्हटलं की अंगावर धावून येतो. त्याला आता चांगल्या ठिकाणीसुद्धा नेता येत नाही, हा खरा तोटा.

केसपेपर
भाग्यश्रीताई, वाईट वाटलं वाचून. मी सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात समुपदेशक होते, आता निवृत्त. एकदाच लिहून टाकते, नंतर नातू मोबाईल सोडत नाही.

२०१७चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८पासून लागू आहे आणि दारू-ड्रग्जचं व्यसन त्यात धरलेलं आहे. म्हणजे असं कुणालाही गादीवरून उचलून नेता येत नाही. माणूस स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीने दाखल होतो. तयार नसेल आणि खरंच धोक्याची अवस्था असेल, तर त्याच्या नामनिर्देशित व्यक्तीने (म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेल्या माणसाने) अर्ज करायचा, मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एका डॉक्टरने किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या तज्ज्ञाने त्याला वेगवेगळं तपासायचं, आणि तेही ३० दिवसांपर्यंत. पुढे ठेवायचं तर पुन्हा वेगळी प्रक्रिया. साखळीने बांधण्यावर तर सरळ बंदी आहे. जिथे भरती करून उपचार करतात त्या ठिकाणाला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. तो कागद दाखवा म्हणायला लाजायचं नाही. दाखवायला कां कूं करणारा बाकीच्या गोष्टींतही कां कूं करतो, एवढं मी नोकरीत बघितलं.

आणि पहिला फोन केंद्राला करायचाच कशाला? १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे जवळचं अनुदानित केंद्र विचारा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. लोक पाटी बघून बिचकतात, तो भाग वेगळा.

पेठेतला_सदू
पाटीचं खरंय. पुण्यात 'येरवड्याला' म्हटलं की समोरचा विचारतो, तुरुंग की दुसरं?

वसईची_सून
आमच्याकडे वसईच्या कृपा फाउंडेशनमधून सासरे बरे झाले. त्यांच्याच पॅरिशमधल्या (चर्चच्या भागातल्या) कुणीतरी आणून सोडलं होतं. नेटवर शोधलं नव्हतं, एका बऱ्या झालेल्या माणसाच्या स्कूटरवर मागे बसून गेले. निवड बिवड काही केली नाही आम्ही.

शिरीष_क
पुण्यात राहून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं कुणी लिहिलं नाही अजून? १९८६पासून आहे. डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलं, पु.लं.च्या प्रतिष्ठानची देणगी होती सुरुवातीला. मी ३५ दिवस राहिलोय तिथे, २००९ साली, गर्दसाठी (ब्राऊन शुगर) नाही, दारूसाठी. गर्दवाल्यांची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचे हाल, शेजारच्या कॉटवर बघितली आणि आपलं दुखणं छोटं वाटलं. तसं ते नव्हतं, पण तेव्हा वाटलं.

तुलना करायची तर मी एकच सांगीन. घरच्यांसाठी काय आहे विचारा. तिथे बायकांचा 'सहचरी' गट आहे. माझी बायको आधी म्हणाली, दारू हा प्यायचा आणि शाळेत मी जायचं होय? मग गेली. मी सुटलो डिसेंबरात. तिने घरी येऊन पहिल्यांदा माझे खिसे तपासले नाहीत तो दिवस मार्चमधला. त्या दिवशी मी खिशात काय होतं तेसुद्धा सांगू शकतो: एसटीचं तिकीट आणि लवंग.

जुई_०७
लवंग का?

शिरीष_क
सवय. आधी वास लपवायला, मग नुसतीच.

रिकामटेकडा
मोबाईलचं व्यसन सोडवणारं केंद्र आहे का? विचारतोय मुलासाठी. स्वतः पहाटे दोनला हे लिहितोय.

नलूमावशी
@रिकामटेकडा झोपा आता.
कुकर झाला, जेवणं झाली, लिहायचं विसरले. आम्ही चूर्ण दिलं होतं, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' असा बोर्ड असतो ना एसटी स्टँडच्या भिंतीवर. आमटीतून द्यायचे. काय होतं त्यात देव जाणे. उलट्या, छातीत धडधड, तोंड लालबुंद. मीच मारते की काय असं झालं.

केसपेपर
मावशी, डायसल्फिरम (दारू सोडवायचं औषध) असेल तर नकळत देणं फार धोक्याचं. त्यावर दारू पोटात गेली की तुम्ही लिहिलंत तसंच होतं, रक्तदाब खाली येतो, हृदयावर येतं. डॉक्टर देतात ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. आता चूर्णवाल्याने आत काय घातलं होतं ते तोच जाणे.

ओली_वाट
वेगळ्या आयडीने लिहितेय. इथे सगळे दादा, बाबा, हे. मी स्वतः पीत होते. वाइन, मग व्होडका, पाण्याच्या बाटलीत घालून ऑफिसात. नवऱ्याने सहा ठिकाणी फोन केले. 'पेशंटचं वय?' ३४. 'वजन?' सांगितलं. 'त्याला आणा उद्या.' पत्नी आहे म्हटल्यावर दोन सेकंद शांतता, मग 'लेडीजची सोय नाही'. एकाने तर विचारलं, 'मिसेसना नक्की काय टेन्शन आहे?'

बायकांसाठी वेगळा विभाग असलेली ठिकाणं फार कमी आहेत. मुक्तांगणचं 'निशिगंध' आहे. मला तिथे नंबर लागेपर्यंत थांबायचं नव्हतं, मी मानसोपचारतज्ज्ञांकडे बाहेरून उपचार घेतले आणि एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला लागले. पहिल्या मीटिंगला खोलीत बावीस पुरुष आणि मी. चहा कुणी करायचा यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले 😄 मी जागची हलले नाही.
चार वर्षं झाली.

मधुमालती
@ओली_वाट चहा नाही केलास हे फार आवडलं.

भाऊचा_धक्का
मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका कुणी. आमच्या पॉलिसीत व्यसनाचे उपचार सरळ वगळलेले निघाले. एजंटला विचारलं तर म्हणे, लिव्हरचं बिल लावा. त्यातही दारूचा उल्लेख केसपेपरवर, क्लेम गेला.
(केसपेपरताई, तुमच्यावर नाही 🙂)

शिरीष_क
एम्सने २०१९ला देशभरचा सर्व्हे दिला होता. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकाला कसले तरी उपचार मिळतात, आणि दवाखान्यात भरती होऊन १८० मध्ये एकाला. त्यामुळे ज्यांची तुलना करायला दोन-तीन ठिकाणं समोर आहेत ते तसे नशीबवानच म्हणायचे.

गोदाकाठ
गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे ना १९९३पासून, तिकडे केंद्रं कशाला लागतात?

भाऊचा_धक्का
@गोदाकाठ एकदा जाऊन या तिकडे, मग बोलू. दुसरा धागा काढा हवं तर.

नाव_नको
आजच आयडी काढला. सगळं वाचलं. धाकटा भाऊ, २६ वर्षांचा, रोज दोन क्वार्टर. काल रात्री पहिल्यांदा स्वतः म्हणाला, कुठेतरी ने मला. उद्या जिल्हा रुग्णालयात नेतोय. सकाळपासून घ्यायची नाही म्हणतोय. थांबवू की घेऊ देऊ? लवकर सांगा कुणीतरी.

केसपेपर
आत्ता हात कापतायत का? घाम, उलटी, भास? असं काही असेल तर उद्याची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत न्या. पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का? आली असेल तरी आत्ताच निघा. किती घेतो आणि शेवटची कधी घेतली हे डॉक्टरांना खरं सांगा, कमी करून सांगू नका. घरच्या घरी झोपेच्या गोळ्या देऊ नका. एकटा ठेवू नका.

नाव_नको
फिट कधी नाही आली. हात कापतायत. घाम आहे, पंखा फुल तरी.

कोकणकडा
निघा भाऊ. कांदा हुंगवत बसू नका आमच्यासारखे.

केसपेपर
निघाच. दिवसाच्या ओपीडीची वाट नको. आधारकार्ड, जुने रिपोर्ट असतील तर ते, एक जोड कपडे. तुम्ही रात्री तिथे थांबायची तयारी ठेवा, नातेवाइकाला थांबायला लावतात.

मधुमालती
आणि त्याची चप्पल घ्या आठवणीने.

नाव_नको
रिक्षा आली. चप्पल घातलीय त्याने, स्वतःच. उलटी होईल म्हणतोय.

नलूमावशी
प्लास्टिकची पिशवी घे बाळा, दोन घे. आणि पोचल्यावर लिही, मी जागी आहे.