कलर्ड, निग्रो, ब्लॅक, आफ्रिकन अमेरिकन: हा काय पोरखेळ आहे?

खडूस अनिवासी:
शीर्षक माझं नाही, अमेरिकेतल्या काळ्यांच्या नावांवर सकाळी वाचलेल्या एका पोस्टचं आहे. ‘दर पिढीला नवं नाव काढायचं आणि आपण जुनं वापरलं की अंगावर यायचं, रिकामटेकड्यांचे धंदे’ असा एकूण सूर, आणि खाली शंभर जणांच्या माना डोलतायत. अहो, ‘निग्रो’ हा शब्द २०१० च्या अमेरिकी जनगणनेच्या अर्जावर होता! संघराज्याच्या कायद्यांतून तो काढायला २०१६ उजाडलं, ओबामांच्या सहीने. याला दर पिढीला बदल म्हणतात?

उंटावरचा शहाणा:
अर्जावर होता कारण जुन्या पिढीतले काही लोक स्वतःला तेच म्हणवत होते. त्यांना कोणी विचारलं? आणि १९२८ मध्ये एका शाळकरी पोराने ‘निग्रो’वर आक्षेप घेतला तेव्हा खुद्द काळ्यांचे नामवंत विचारवंत-संपादक द्यू बॉइस यांनी त्याला सुनावलं होतं, की नावं या नुसत्या खुणा, महत्त्व वस्तुस्थितीला. ते पण रिकामटेकडेच का?

खडूस अनिवासी:
अर्धंच वाचलंत. त्याच द्यू बॉइसनी ‘निग्रो’चं पहिलं अक्षर, एन, मोठ्या लिपीत (कॅपिटल) छापावं म्हणून वर्तमानपत्रांच्या मागे धोशा लावला होता. न्यूयॉर्क टाइम्सने १९३० मध्ये मानलं. नुसत्या खुणेसाठी कोण एवढं भांडतं?

उंटावरचा शहाणा:
बरं, हा मुद्दा तुमचा. घ्या, हार-तुरे घ्या.

रात्रपाळी:
मी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते. ऐंशीच्या पुढच्या एक आजी आल्या. मी शहाणपणा करून ‘आफ्रिकन अमेरिकन’ म्हटलं. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला, अर्ज ओढला आणि ‘ब्लॅक’खाली दोनदा रेघ मारली. ‘आफ्रिका मी टीव्हीवर पाहिलीय, बाळ.’ मागे रांगेत नायजेरियाचा टॅक्सीवाला होता, तो म्हणे मला दोन्ही नको, मी योरुबा, म्हणजे तिकडच्या त्याच्या जमातीचं नाव. आता बोला.

टोचणी:
यात बोलायचं काय? ज्याचं नाव त्याला विचारा, संपलं. १९८८ मध्ये काळ्यांचे नेते जेसी जॅक्सननी ‘आफ्रिकन अमेरिकन’चा आग्रह धरला, ते आतून आलेलं होतं, म्हणून रुजलं. लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांसाठी काढलेलं ‘लॅटिनएक्स’ बघा. प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालात तो शब्द स्वतःसाठी वापरणारे जेमतेम ३ टक्के. वरून लादलेलं टिकत नाही.

चौकटीबाहेर:
दुसऱ्यांचं सोडा, इथल्या आपल्या भारतीयांचं काय? १९२० ते १९४० च्या जनगणनांत आपण सगळे ‘हिंदू’, त्यात शीख आणि मुसलमानसुद्धा. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या पंजाबी शिखाला ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९७० ला आपण चक्क गोऱ्यांत! १९८० ला ‘एशियन इंडियन’.

उंटावरचा शहाणा:
आणि १९८० चा तो रकाना आपल्याच संघटनांनी मागून घेतला, अल्पसंख्याकांच्या सवलती मिळाव्यात म्हणून. तत्त्वबित्त्व काही नव्हतं.

चौकटीबाहेर:
मग काय चुकलं? कामावर बढती नाकारताना कोणी आधी तुमची डिग्री विचारत नाही. माझ्या वडिलांना तीन वर्षं खालच्या पदावर ठेवलं, रकाना नसता तर तक्रार कशाच्या जोरावर केली असती?

उंटावरचा शहाणा:
वडील मध्ये आणू नका. म्हणजे फायदा असेल तिथे ‘एशियन’, पार्टीत ‘देसी’, आणि पाकिस्तानी शेजाऱ्यासोबत ‘साउथ एशियन’ म्हटलं की पोटात दुखतं!

चौकटीबाहेर:
वडील तुम्ही मध्ये आणले नाहीत, मी आणले. आणि ‘साउथ एशियन’ विद्यापीठवाल्यांचं लाडकं आहे, माझ्या आईने आयुष्यात वापरलेलं नाही.

टोचणी:
भले! ‘ज्याचं नाव त्याला विचारा’ हे काळ्यांना लागू आणि तुम्हाला मात्र विद्यापीठवाले खुपतात?

रात्रपाळी:
धागा काळ्यांच्या नावाचा होता, पंधरा मिनिटांत आपण त्यात स्वतःला बसवलं. टिपिकल.

खडूस अनिवासी:
तेच म्हणतोय. २०२० मध्ये पोलिसाने गळ्यावर गुडघा दाबून केलेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या खुनानंतर एपी या वृत्तसंस्थेने ‘ब्लॅक’चा बी मोठा केला, त्यावर इथे एक ओळ नाही.

उंटावरचा शहाणा:
बी मोठा केला, बरोबर केलं. आता पोलिसांनी गळ्यावर गुडघा ठेवायचं बंद केलं का, ते सांगा.

टोचणी:
तो आरोप अक्षरावर का? कोणी म्हटलं होतं की अक्षराने गुडघा हटेल?

चौकटीबाहेर:
कोणी नाही. आणि २०२४ च्या नव्या नियमात मध्यपूर्वेच्या लोकांना वेगळा रकाना मिळालाय, इतकी वर्षं त्यांना गोऱ्यांत मोजत होते. त्यावर काय म्हणणं, शहाणे?

उंटावरचा शहाणा:
म्हणणं एवढंच की अर्ज लांबतोय. उद्या बघू, मला ऑफिस आहे.