शब्दचर्चा : आजीची आणीबाणी कोणती?

महालवाली : माझी आजी नागपूरच्या महाल भागातलीच. काल म्हणाली, "आणीबाणी लागली तेव्हा मी हातातल्या पाटल्या काढून दिल्या." मी म्हटलं, आजी, आणीबाणीत लोकांना तुरुंगात टाकलं नं, दागिने कोणी मागितले? ती ऐकायला तयार नाही. हा शब्द ती वेगळ्या अर्थाने वापरते का?

धंतोलीकर : आजींचं बरोबर आहे. त्या 1962 बद्दल बोलताहेत. चीनने आक्रमण केलं आणि 26 ऑक्टोबर 1962 रोजी घटनेच्या कलम 352 खाली देशात पहिल्यांदा आणीबाणी जाहीर झाली. राष्ट्रीय संरक्षण निधीला बायाबापड्यांनी अंगावरचं सोनं दिलं ते तेव्हाच. लढाई महिनाभरात थांबली, आणीबाणी मात्र उठली 10 जानेवारी 1968 ला. 1965 चं पाकिस्तानबरोबरचं युद्धही तिच्यातच झालं.

'आणीबाणीचा प्रसंग', 'आणीबाणीच्या वेळी धावून येणं' हे आपण एरवीही म्हणतोच. निकराची घडी, एवढाच अर्थ. आजींच्या पिढीला त्या घडीत देशासाठी काही दिल्याचा अभिमान आहे आणि तो खरा आहे.

महालवाली : म्हणजे 1975 ची दुसरी?

धंतोलीकर : तिसरी. दुसरी 3 डिसेंबर 1971 ला, बांगलादेश युद्धाच्या वेळी. युद्ध डिसेंबरातच जिंकलं, तरी ती चालूच ठेवली. 25 जून 1975 ला तिच्यावर आणखी एक आली. या वेळी कारण युद्धाचं नव्हतं, 'अंतर्गत अशांतता' हे होतं. दोन्ही उठल्या मार्च 1977 मध्ये.

माझ्या मते खरी चर्चा 'अंतर्गत अशांतता' या दोन शब्दांची व्हायला हवी. युद्ध दिसतं, शत्रू कोण, सीमा कुठली, सगळ्यांना ठाऊक असतं. अशांतता कशाला म्हणायचं? मोर्चाला? संपाला? ते सरकारनेच ठरवायचं. युद्धासाठी लोकांनी विश्वासाने दिलेला अधिकार त्या दोन शब्दांच्या वाटेने लोकांवरच चालून आला. जर्मनीतही तिथल्या तेव्हाच्या वायमार घटनेतल्या आणीबाणीच्या कलम 48 चा आधार घेऊन फेब्रुवारी 1933 मध्ये नागरिकांचे हक्क स्थगित झाले होते.

सिव्हिल लाइन्स : यात नागपूरचाही भाग आहे, म्हणून लिहिते. मिसाबंदींच्या, म्हणजे 'मिसा' कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांच्या, हेबिअस कॉर्पस अर्जांवर (अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणा, असं मागणारे अर्ज) सरकारचं म्हणणं होतं की, आणीबाणीत असे अर्ज चालवताच येत नाहीत. देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी ते मानलं नाही. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं आपलं नागपूर खंडपीठही होतं. पुढे 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. तो निकाल रद्दबातल ठरायला 2017 साल उजाडलं. आपल्या खंडपीठाची ही गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

धंतोलीकर : ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 352 मधली 'अंतर्गत अशांतता' काढली आणि तिथे 'सशस्त्र उठाव' आणला. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो, महिन्याभरात संसदेची मंजुरी लागते, आणि जीविताचा हक्क देणारं कलम 21 आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही.

अभ्यासिका, सदर : स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, म्हणून विचारतो. 'अंतर्गत अशांतता' हे शब्द घटनेतून पूर्ण गेले का? आणि आमच्याकडे राष्ट्रपती राजवटीलाही पोरं आणीबाणी म्हणतात, ते चालतं का?

धंतोलीकर : पूर्ण नाही गेले, भाऊ. कलम 355 मध्ये ते अजून आहेत. राज्यांचं त्यापासून रक्षण करणं हे केंद्राचं कर्तव्य, असं तिथे म्हटलंय. राष्ट्रपती राजवट कलम 356 ची. काही पुस्तकं तिला 'राज्य आणीबाणी' म्हणतात, पण घटनेत तिथे तो शब्द नाही. उत्तरपत्रिकेत 'राष्ट्रपती राजवट' असंच लिही. नुसतं 'आणीबाणी' लिहायचं तर पुढे साल टाक, 1962, 1971 की 1975.