विकत घेतलेला आयपी ब्लॉक: लगेच ग्राहकांना लावावा का?

सांगलीकर:
आमचा छोटा आयएसपी आहे, म्हणजे इंटरनेट पुरवणारी कंपनी. मागच्या महिन्यात दुसऱ्याने आधी वापरलेला एक /२४ ब्लॉक विकत घेतला, म्हणजे २५६ आयपी पत्ते. नावावर झाला त्याच रात्री बीजीपीवर (नेटवर्कं एकमेकांना मार्ग सांगतात ती पद्धत) जाहीर केला आणि सकाळी सीजीनॅटच्या (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची सोय) पूलमध्ये टाकला. दुपारपासून फोन. कुणाचं बँकेचं ॲप उघडेना, कुणाला मॅच लावली की ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’. एका कर सल्लागारांच्या मेल सर्व्हरलाही त्यातलाच पत्ता दिला होता. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला त्यांचे मेल परत येत राहिले. ते ओरडले नाहीत, ‘तुमच्या भरवशावर होतो’ एवढंच म्हणाले. ते मनातून जात नाही. माझं मत: नवा ब्लॉक महिनाभर ग्राहकांना लावूच नये.

कोकण_फायबर:
महिनाभर? आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या एपनिक संस्थेचा साठा १५ एप्रिल २०११ लाच शेवटच्या मोठ्या गठ्ठ्यावर (/८) आला. आता जास्तीचे पत्ते बाजारातून घ्यावे लागतात, तेही कर्ज काढून. शिवाय ज्या पत्त्यावरून कुणी बँक उघडतच नाही, त्याचा दोष कळणार कसा? दादा, तुमचं चुकलं ते सीजीनॅटमध्ये. तिथं एका पत्त्यामागे कितीतरी घरं असतात, एक पत्ता बदनाम निघाला की सगळी अडकतात.

रात्रपाळी:
सगळे दोष कळायला ग्राहकच कशाला हवेत? ब्लॅकलिस्ट (बदनाम पत्त्यांच्या याद्या) तर पैसे देण्याआधीच तपासायच्या. जाहीर करण्याआधी आरओए (हा ब्लॉक कोणतं नेटवर्क जाहीर करू शकतं याची सही केलेली नोंद) करा, जुन्या मालकाचे रूट ऑब्जेक्ट (मार्गांच्या नोंदवहीतल्या त्याच्या नोंदी) काढायला लावा. मग रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, मेल सर्व्हर ती बघतात) आणि जिओफीड (कोणता पत्ता कुठे वापरात आहे याची आपण प्रसिद्ध केलेली यादी). पत्त्यावरून ठिकाण ओळखणारे जिओलोकेशनवाले आपापल्या सवडीने डेटा बदलतात, तिथं थांबण्याला पर्याय नाही. पत्त्याला पूर्वेतिहास असतोच. २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीने १.१.१.१ या पत्त्यावर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, सुरू केली, तेव्हा काही राउटर तो पत्ता स्वतःसाठीच वापरत होते. त्यांच्यामागच्या लोकांना ती सेवा मिळेना.

कोकण_फायबर:
तपासण्या मान्य, महिना अमान्य. आम्ही पहिले आठ पत्ते ऑफिसला आणि कर्मचाऱ्यांच्या घरी लावतो. आठवडाभर बँक, रेल्वे तिकीट, क्रिकेट सगळं चालवून बघतो, मग एकेक गल्ली.

सांगलीकर:
तुमचे कर्मचारी चार बँका वापरत असतील, गावात चाळीस आहेत. गल्लीगल्लीने जायला मी तयार आहे. पण ज्याचा धंदा मेलवर चालतो, त्याला जुन्या पत्त्यावरून हलवणार नाही. त्या कर सल्लागारांना त्याच संध्याकाळी जुना पत्ता परत दिला.