शाळेतले आनापान आणि वर्गातली दादागिरी : आपले अनुभव सांगा

गोदाकाठ : मुलीच्या शाळेने आनापानाच्या तासासाठी संमतीपत्र पाठवले आणि मला माझी आठवी आठवली. इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे श्वासाकडे लक्ष देत बसणे आम्हाला नवे नव्हते. मात्र पंचवटीतल्या आमच्या वर्गात सगळे डोळे मिटून बसले की मागच्या बाकावरचा मुलगा माझ्या मानेला कर्कटकाचे टोक लावत असे, आणि मी दचकून डोळे उघडले की बाई मलाच रागावत. आपल्याकडे काय घडले?

सातपूरकर : माझा मुलगा बोलताना अडखळतो, म्हणून वर्गात त्याची नक्कल होत असे. आनापानामुळे त्याचे चिडून अंगावर धावून जाणे कमी झाले, हे मान्य करावे लागेल. नक्कल मात्र चालूच राहिली. पुढे वर्गशिक्षिकांनी नक्कल करणाऱ्याला सोडून त्यावर हसणाऱ्या मुलांनाच एकेक करून बोलावले, तेव्हा तो प्रकार थांबला.

खडूफळा : शाळांतली दादागिरी रोखणाऱ्या फिनलंडच्या ‘कीवा’ उपक्रमाचा भरही अशा बघ्या मुलांवरच आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे आनापानासारख्याच सरावाच्या) तासांची चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांच्या मानसिक आरोग्याच्या दृष्टीने हे तास नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत; बहुतेक मुलांनी घरी सरावही केला नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. हे वाचून हसू आले, कारण आमच्याही शाळेत त्या वेळात खरी विश्रांती आम्हा शिक्षकांनाच मिळत असे.

गोदाकाठ : तरीच आमच्या बाई रागावत असाव्यात!

देवळालीचा बाबा : घाईत लिहीत आहे, कुकरची शिट्टी झाली. आमच्याकडे त्रास वर्गात नव्हता, व्हॉट्सअ‍ॅपवर होता. मुलीच्या फोटोचे स्टिकर करून रात्री उशिरापर्यंत फिरवत असत. तिथे डोळे मिटून काय होणार? आम्ही स्क्रीनशॉट जपून ठेवले, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली.

सातपूरकर : पोच घेतलीत हे उत्तम केलेत, कारण तोंडी तक्रार पुढच्या पालकसभेपर्यंत कोणाच्याही लक्षात राहत नाही. शाळा दाद देत नसेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, आणि मूल स्वतःही तिथे विनाशुल्क फोन करू शकते.