मदत हवी आहे: गुडघा बदललेल्या आईला ठोसेघरचा धबधबा दाखवायचा आहे, जमेल का?

मोगरा

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. आई ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. सोसायटीत काठी घेऊन रोज दोन फेऱ्या मारते, एक जिना चढते, पण कठड्याला धरून. बरोबर मी, नवरा, ९ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा असू. गाडी स्वतःची आहे.

आईचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. लहानपणी दासनवमीला सगळं घर सज्जनगडावर जायचं. गडावरून कुणीतरी हात करून दाखवायचं, त्या अंगाला ठोसेघर, तिथे मोठा धबधबा आहे. पण दासनवमी येते माघात, तेव्हा त्या धबधब्याला पाणी कुठलं! आणि पावसाळ्यात शेतातली कामं सोडून पोरीबाळींना घाटात कोण नेणार? पुढे लग्न झालं, आम्ही झालो, बाबांचं आजारपण निघालं. परवा टीव्हीवर ठोसेघर दाखवत होते तेव्हा हे सगळं पहिल्यांदाच बोलली. "एवढा एक बघायचा राहिला," म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून जीव तुटतोय.

गाडी लावतात तिथून किती चालावं लागतं? पायऱ्या कशा आहेत, धरायला काही आहे का? माझी नणंद जुलैमध्ये गेली होती, तिच्या सगळ्या फोटोंत नुसतं पांढरं धुकं. तसं झालं तर आईला परत आणणं जमेल की नाही सांगता येत नाही. आणि मुलांना पाण्यात खेळायचं आहे, त्यांचं काय करू? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

माहुलीकर

ताई, जमेल. पण रविवारी अजिबात नको. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, मग गाडी लांब लावून तेवढं जास्तीचं चालावं लागतं. तुमच्या बाबतीत सगळा प्रश्न तेवढ्या चालण्याचाच आहे. मुलांची एक दिवस शाळा बुडू दे.

पुणे ते सातारा साधारण ११० किलोमीटर, पुढे ठोसेघर २५ च्या आसपास. शहरातून समर्थ मंदिरावरून बोगद्यातून बाहेर पडा. पुढे एक रस्ता कासला जातो, दुसरा सज्जनगड-ठोसेघरला. सज्जनगडाच्या फाट्यानंतर बोरणे घाट लागतो. वळणं बरीच आहेत, पोरांना गाडी लागत असेल तर पोटभर नाश्ता घाटाच्या आधी देऊ नका. घाटात फोटोसाठी कठड्याजवळ उतरू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथे सेल्फी काढताना एक तरुणी दरीत पडली होती. होमगार्ड आणि गावच्या पोरांनी दोर लावून वर काढली, जीव वाचला.

तिकीट घेऊन आत गेलं की झाडीतून बांधीव वाट आणि पायऱ्या आहेत. मोठा धबधबा समोरच्या दरीत कोसळतो, तो बघायला गॅलरी केली आहे, तिला रेलिंग आहे. जाताना उतार, म्हणजे परत येताना चढ. आईंना आधीच सांगून ठेवा, की येताना दहा ठिकाणी थांबलो तरी चालेल.

धुक्याचं म्हणाल तर जुलैत तो खेळ नशिबाचा. ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा. पाणी भरपूर असतं, पावसाला उघडीप मिळते. कासची फुलं सुरू झाली की गर्दी पुन्हा वाढते, त्याच्या आत उरका.

रानवाट

मी वजराई सुचवेन. भांबवलीचा. तीन टप्प्यांत पडतो, उंची ५६० मीटर सांगतात. ठोसेघरपेक्षा कितीतरी भव्य.

माहुलीकर

भव्य आहे, वाद नाही. पण तिथे चिखलातून चालायचं, जळवा लागतात. बदललेल्या गुडघ्याला घसरणं परवडत नाही. ताईंनी वजराई डोक्यातून काढावा.

पाऊलखुणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

आधी तुमच्या सर्जनना विचारा, ते हो म्हणाले तरच पुढचं. अजून वेळ आहे, तर आजपासून आईंना जिन्याचा सराव द्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. म्हणजे त्यांचा डावा पाय आधी वर जाईल आणि उजवा आधी खाली येईल. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढची. काठी डाव्या हातात, ऑपरेशनच्या उलट बाजूला. अनेक जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात, ती सवय असेल तर आत्ताच मोडा. पायऱ्या उतरताना कुणीतरी त्यांच्या एक पायरी पुढे, खालच्या बाजूला राहायचं. चढताना तोच माणूस मागे. हात ओढायचा नाही, त्याने तोल जातो. त्यांना तुमच्या दंडाला धरू दे.

आणि आत्ता उठून काठीचं रबरी बूट उलटं करून बघा. त्याच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या दगडावर काठी आधाराऐवजी घात करेल.

एक घडीचं स्टूल नक्की न्या. बसायला मिळणार आहे हे माहीत असलं की माणूस निम्मं अंतर जास्त चालतो, रोजचा अनुभव आहे माझा.

मोगरा

पाऊलखुणा ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काठी उलटी केली. बूट एका बाजूने पार झिजलंय, आतलं लोखंड दिसायला लागलंय. दोन वर्षं रोज आई माझ्या डोळ्यांसमोर ही काठी घेऊन चालते, आणि मी एकदाही बघितलं नव्हतं. फार वाईट वाटलं. मनापासून आभार.

पाण्यात खेळण्याबद्दल कुणी सांगेल का? मुलगी हट्टाला पेटली आहे.

कोयनाकाठ

नाही म्हणा, आणि त्यावर ठाम राहा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. सहलीलाच आली होती, तुमच्या-आमच्यासारखी. आपण उभे असतो तिथे रिमझिम असते, वर डोंगरात ढग फुटल्यासारखा कोसळत असतो, आणि ते पाणी काही मिनिटांत खाली येतं. कुठल्याही ओढ्याकाठी असताना पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहत आल्या किंवा आवाज वाढला, तर सामान तिथेच टाकून वर निघायचं. हे मुलांनाही शिकवा, नऊ वर्षांच्या मुलीला नीट कळतं.

ठोसेघरला कुंडाकडे उतरायचा विचारच नको. भिजायचंच असेल तर पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्यांखाली मोकळ्या सड्यावर रेनकोट काढून पावसात हुंदडू द्या. माझ्या पोरांना धबधब्यापेक्षा तेच जास्त आठवतं.

जोराचा पाऊस असला की जिल्हाधिकारी धबधबे बंद ठेवायचा आदेश काढतात. आदल्या दिवशी बातम्या बघूनच निघा.

शिदोरी

बायकांच्या दृष्टीने एक सांगते. स्वच्छतागृहाचं साताऱ्यातच उरकून घ्या, वर गेल्यावर शोधाशोध नको. आईंना त्या भीतीने पाणी पिणं टाळू देऊ नका, आमच्या सासूबाई तेच करायच्या आणि दुपारी चक्कर यायची. धपाटे आणि दही न्या, गार झाले तरी चांगले लागतात. सज्जनगड त्याच दिवशी धरू नका, गाडीतळापासून पुढे पायऱ्याच आहेत. खालूनच नमस्कार करा. येताना कंदी पेढे घ्यालच.

मोगरा

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी जाऊन आलो.

डॉक्टरांनी परवानगी दिली होती. पहाटे साडेपाचला निघालो, सव्वानऊला ठोसेघर. आमच्याआधी तीनच गाड्या होत्या. आई एकेक पायरी म्हणत उतरली, "उजवा खाली, डावा खाली", आणि लेक तिच्या मागे तेच म्हणत. चौदा ठिकाणी थांबलो असू. गॅलरीत पोचलो तर समोर धुकं. हाताच्या अंतरावरचं रेलिंग दिसत होतं, त्यापलीकडे काही नाही, फक्त आवाज. माझा धीर सुटला. आई मात्र स्टूल टाकून बसली. म्हणाली, "साठ वर्षं थांबले, अजून घटकाभर थांबते."

अर्धा तास गेला असेल. मग खालून वारा आला आणि धुकं पडदा ओढल्यासारखं एका बाजूला गेलं. पांढरी धार वरपासून खालपर्यंत, सगळी. मी फोन काढेपर्यंत आईने पिशवीतून कागदाची एक पुडी काढली होती. हळदकुंकू. घरून आणलंय हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. रेलिंगवरून चिमूटभर दरीत सोडलं, हात जोडले. पाच-सात मिनिटांत पुन्हा सगळं झाकलं गेलं.

चढताना तिला दम लागला, गुडघा दुखला नाही. दुसऱ्या दिवशी थोडी सूज होती, बर्फाने शेकल्यावर उतरली. चाळकेवाडीला मुलं तासभर नाचली, आई गाडीत बसून काच खाली करून बघत होती.

काठीचं नवं बूट वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळालं. घेताना काठी बरोबर न्या, मापं वेगवेगळी असतात, आम्हाला पहिलं आणलेलं बदलून आणावं लागलं.